निशाण्यावर नसलेला ठिपका

सिनेमात खलनायकाच्या शर्टावर लाल ठिपका फिरू लागला, की समोरच्या गच्चीवर कुणीतरी दबा धरून बसलंय हे आपल्याला कळतं. तो लेझरचा ठिपका. स्पर्धेच्या पिस्तुलावर काडेपेटीएवढी जी साइट बसवतात आणि जिला सगळे ‘रेड डॉट’ म्हणतात, तिचा ठिपका निराळा. ती निशाण्यावर प्रकाश टाकतच नाही. नेमबाजाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा आणि टार्गेटकडे पाहा. तिथे काही दिसणार नाही. त्याला मात्र काचेतून दहाच्या वर्तुळावर लाल टिकली चिकटलेली दिसत असते. पिस्तूल हललं तर टिकली हलते. डोकं हललं तर ती काचेत इकडून तिकडे सरकते, पण टार्गेटवरची जागा सोडत नाही.

म्हणजे ती काचेवर नाही आणि टार्गेटवरही नाही. मग आहे कुठे? चंद्राच्या पलीकडे, अनंत अंतरावर. हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही थाप वाटते. पण तेवढी एक गोष्ट डोक्यात नीट बसली, की केवढ्या ठिपक्याची साइट घ्यावी, केवढ्या काचेची घ्यावी, मुळात घ्यावी का, हे प्रश्न दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता सोडवता येतात.

ही जादू बघायला पिस्तूल लागत नाही. हौशी आकाशनिरीक्षकांच्या दुर्बिणीवर ‘रेड डॉट फाइंडर’ नावाचं जे चिमुकलं उपकरण असतं, ते या साइटचंच स्वस्त भावंड. आत तशीच काच, तसाच लाल दिवा. त्याला धक्के सोसायचे नसतात एवढंच. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर हिवाळ्यातल्या अमावास्येला अशी दुर्बीण लावा आणि फाइंडरचा ठिपका व्याधाच्या ताऱ्यावर आणा. आता मान डावीकडे न्या, उजवीकडे न्या, थोडी वर करा. ठिपका काचेच्या कडेपर्यंत सरकेल, पण व्याधाला सोडणार नाही. कड ओलांडली की नाहीसा होईल, तोवर नाही. मी ज्यांना हे दाखवलंय त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या झटक्यात काचेच्या पुढे बोट नेऊन ठिपका चाचपायचा प्रयत्न केला आहे.

साध्या, लोखंडी साइटचा त्रास आधी समजून घेऊ. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच, पुढच्या टोकाला खुंटी आणि पंचवीस मीटरवर टार्गेट. तिन्ही एका रेषेत आणायचे. पण डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं, त्यामुळे तिघांपैकी दोघं कायम धूसर. प्रशिक्षक सांगतात, नजर फोरसाइटवर, म्हणजे खुंटीवर ठेव. टार्गेट धूसर राहू दे. जिथे मारायचं तेच धूसर! नवशिक्याला हे पचतच नाही. त्याची नजर पुन्हा पुन्हा टार्गेटकडे पळते, खुंटी खाचेतून निसटते आणि गोळी सातवर जाते. चाळिशी लागली की मग खुंटीही धूसर होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, ते याच खाच-खुंटीच्या जोरावर. का, ते पुढे येईलच.

रेड डॉट हा तिढा एका फटक्यात सोडवतो. टार्गेट आणि ठिपका, दोन्ही एकाच वेळी स्पष्ट. खाचही नाही, खुंटीही नाही.

कसं ते बघायला साइट हातात घेऊ. आधी उलटीकडून, म्हणजे टार्गेटच्या बाजूने पाहा. काच लालसर-नारिंगी चमकते. आता नेमबाजाच्या बाजूने त्याच काचेतून बाहेर पाहा. जगाला किंचित निळसर झाक आलेली दिसेल. काचेवर अतिशय पातळ थरांचा एक लेप असतो. तो लाल रंगाचा एक अरुंद पट्टा तेवढा परतवतो आणि बाकीचा प्रकाश जाऊ देतो. बाहेरच्या दृश्यातला तेवढा लाल गाळला जातो, म्हणून ती निळसर झाक. काच जराशी वाकलेली आणि जराशी तिरकी असते. खाली, मागच्या बाजूला, एक बारीक खिडकी दिसेल, तिच्यात एलईडी. सगळा कारभार त्या कणाएवढ्या दिव्याचा. त्याचा प्रकाश पुढे काचेवर जातो, काच तो मागे नेमबाजाच्या डोळ्यात पाठवते. नेमबाज बघतो पुढे, पण जो ठिपका बघतो तो त्याच्या बाजूने येऊन परतलेला असतो.

खरी गंमत त्या वाकलेपणात आहे. एलईडी बरोबर काचेच्या नाभीवर ठेवलेला असतो. नाभीतून निघालेले किरण अंतर्वक्र आरशावर आपटले की परतताना एकमेकांना समांतर होतात. आणि समांतर किरण डोळ्यात आले की डोळा एकच अर्थ लावतो: ही वस्तू फार फार लांब आहे. रात्री गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत खिडकीशी बसलात, की बांध्या, पळस, सिग्नलचे खांब सगळे मागे पळतात आणि चंद्र मात्र गाडीबरोबर चालत राहतो. तुम्ही कितीही सरकलात तरी त्याची दिशा बदलत नाही, कारण त्याचे किरण तुमच्यापर्यंत समांतरच येतात. साइटमधला ठिपका हा असा डोळ्यापासून हातभर अंतरावर तयार केलेला चंद्र आहे. डोकं हलवा, तो तुमच्याबरोबर सरकेल आणि त्याच दिशेला बोट दाखवत राहील.

ही युक्ती सुचली ती दुर्बिणी बनवणाऱ्या माणसाला. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब. वडील थॉमस ग्रब यांच्यापासून घरात दुर्बिणींचाच धंदा. व्हिएन्नाच्या वेधशाळेची २७ इंची दुर्बीण याच घराण्याची. हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये बंदुकीच्या या परावर्ती साइटचं पेटंट घेतलं. ताऱ्याचे समांतर किरण आरशाने एका बिंदूत गोळा केले की दुर्बीण होते. बिंदूतून निघालेले किरण आरशाने समांतर करून सोडले की साइट होते. गृहस्थाने आपलाच धंदा उलटा फिरवला!

आणि इथे पुण्याचा संबंध येतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नेगमवाला या प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिची मोठी परावर्ती दुर्बीण आली ती याच ग्रब यांच्या डब्लिनच्या कारखान्यातून. १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. तिथे ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. म्हणजे ज्या हातांनी पुढे रेड डॉटची कल्पना कागदावर उतरवली, त्यांचं काम बारा वर्षं आधीच मुळा-मुठेच्या काठी येऊन आकाश बघू लागलं होतं. पुण्यात हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. शनिवारवाड्याच्या गोष्टींपुढे या गोष्टीला कुठली जागा!

ग्रब यांची अडचण प्रकाशाची होती. ठिपका उजळायला लहान, थंड, न विझणारा दिवा हवा, आणि तसा दिवा त्या काळी नव्हताच. तरी विमानांनी कल्पना उचलली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, जर्मनांनी काही लढाऊ विमानांवर अशा साइट बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या सर्रास झाल्या. तिथे जागा होती, वीज होती, बल्ब चालत होता. पिस्तुलाला मात्र थांबावं लागलं. १९६२ मध्ये निक होलोनियाक यांनी डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश देणारा पहिला व्यवहार्य एलईडी बनवला, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने त्याच्या जोरावर पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली. पाऊण शतक ही कल्पना दिव्याची वाट बघत बसली होती.

विमानांनीही ती सोडली नाही. ‘तेजस’च्या वैमानिकासमोर जी काच असते आणि जिच्यात वेग, उंची, क्षितिज हिरव्या रेघांनी तरंगत असतं, तो हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या सीएसआयओ या संशोधन संस्थेने विकसित केला. तत्त्व तेच: आकडे अनंतावर ठेवायचे म्हणजे डोळ्याला आत-बाहेर फोकस बदलावा लागत नाही. बोइंग ७८७ ‘ड्रीमलायनर’ या प्रवासी विमानात दोन्ही वैमानिकांसमोर अशी काच असते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणाची संस्था आहे. तिथे छोट्या विमानांवर शिकणाऱ्या एखाद्या पोरीला पुढे ‘ड्रीमलायनर’ मिळालं, तर तीही ग्रबसाहेबांच्याच काचेतून धावपट्टी बघेल.

आता डोक्याला आणखी एक झटका. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सैनिकांनी उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीवर छापा घातला, तेव्हा त्यांच्या रायफलींवर ‘सिंगलपॉइंट’ नावाची साइट होती. तिच्यातून आरपार दिसतच नव्हतं! नळी पुढून बंद, आत नुसता ठिपका. एक डोळा ठिपका बघणार, दुसरा डोळा जग बघणार, आणि दोन्ही चित्रं मेंदू एकमेकांवर ठेवणार. आजच्या कुठल्याही रेड डॉटवर हे करून बघता येतं. पुढच्या काचेवर अपारदर्शक टेप चिकटवा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. ठिपका तारखेवर येऊन बसेल, जणू मधे टेप नाहीच. पिस्तूल अर्थातच रिकामं, दोनदा तपासलेलं, आणि भिंतीपलीकडे कुणी नाही याची खात्री केलेली. दोन्ही डोळ्यांची ठेवण तंतोतंत जुळत नसेल तर ठिपका थोडा बाजूला पडतो, म्हणून बारीक नेमाला ही पद्धत कामाची नाही. सरावाला मात्र नामी आहे: नजर ठिपक्यावर न चिकटता टार्गेटवर ठेवायची सवय लागते.

तर निवड. पहिला प्रश्न ठिपक्याच्या आकाराचा, आणि तो मोजतात एमओएमध्ये. एमओए म्हणजे कोनाचं एक मिनिट, एका अंशाचा साठावा भाग. डोळ्याच्या डॉक्टरकडे ६/६ नजरेच्या ओळीतलं अक्षर पाच मिनिटांचं असतं आणि त्याची एकेक रेघ एका मिनिटाची. त्याहून बारीक ठिपका सामान्य डोळ्याला बिंदू म्हणूनच दिसणार. पौर्णिमेचा चंद्र साधारण तीस मिनिटांचा. म्हणजे तीन एमओएचे दहा ठिपके एका ओळीत त्याच्यावर मांडता येतील.

गोंदियाकरांसाठी याहून चांगलं माप आहे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात. धानाच्या बांधीत उभा असलेला सारस दीड मीटर उंच धरा आणि तो तुमच्यापासून एक किलोमीटरवर आहे असं समजा. तो डोळ्यात पाच मिनिटांचा कोन करतो. सहा एमओएचा ठिपका त्याच्यावर ठेवलात तर लाल मान, राखाडी अंग, लांब पाय, सगळा पक्षी ठिपक्याखाली गडप. तीन एमओएचा ठेवलात तर डोकं आणि पाय दोन्हीकडून बाहेर दिसतील. (हा हिशेब कागदावर करायचा. सारसाकडे बघायचं ते दुर्बिणीतून, आणि तेही बांधावरूनच.)

हाच हिशेब टार्गेटवर आणू. एक एमओए म्हणजे २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटर. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. सहा एमओएचा ठिपका तिथे ४४ मिलिमीटर व्यापतो, म्हणजे दहाचं वर्तुळ जवळजवळ भरूनच टाकतो. दोन एमओएचा व्यापतो जेमतेम १५ मिलिमीटर. संथ, एकेक गोळी मोजून मारण्याच्या सामन्याला बारीक ठिपका बरा वाटतो, कारण दहाच्या आत नेमकं कुठे आहोत ते कळतं. धावतपळत, घड्याळावर, पाच-दहा मीटरवरच्या मोठ्या टार्गेटांवर मारायचं असेल तर मोठा ठिपका. तो डोळ्याला शोधावा लागत नाही. माझं मत विचाराल तर नवशिक्याने बारीक ठिपक्याच्या मोहात पडू नये. कारण रेड डॉट एक अत्यंत अप्रिय काम करतो. तो हात किती थरथरतो ते दाखवतो. लोखंडी साइटमध्येही हात तेवढाच थरथरत असतो, पण धूसरपणात ते लपतं. इथे लाल टिकली टार्गेटभर नाचताना दिसते. नवशिक्या घाबरतो, टिकली मधोमध येण्याची वाट बघत बसतो, आली की झटक्यात ट्रिगर ओढतो, आणि गोळी खाली-डावीकडे जाते. टिकली जितकी बारीक, तितका तिचा नाच भयंकर वाटतो. नाचू द्यावी आणि ट्रिगर सावकाश दाबत राहावा, हे शिकायला महिने जातात.

दुसरा प्रश्न काचेच्या आकाराचा. मोठ्या काचेने नेम सुधारत नाही. ठिपका लवकर सापडतो, एवढाच तिचा फायदा. पिस्तूल वर उचललं आणि मनगट जरा वाकडं असलं तर ठिपका काचेत दिसतच नाही, माणूस पिस्तूल हलवून त्याला शोधत बसतो. मोठ्या काचेत ही चूक खपून जाते. पण मोठ्या काचेचा एक छुपा खर्च आहे, आणि तो माहितीपत्रकातल्या ‘पॅरलॅक्स-फ्री’ या शब्दामागे दडलेला असतो. ठिपका डोक्याबरोबर सरकतो आणि दिशा बदलत नाही, हे आपण पाहिलं. दिशा बदलत नाही. पण डोळा मधल्या रेषेपासून दहा मिलिमीटर बाजूला असेल, तर नजरेची रेषाही नळीच्या रेषेपासून दहा मिलिमीटर बाजूलाच राहणार, शेवटपर्यंत. लांबच्या टार्गेटवर दहा मिलिमीटरला कोण विचारतो! पण १० मीटरच्या एअर पिस्तूल टार्गेटवर दहाचं वर्तुळच मुळी साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं. वीस मिलिमीटर रुंद काचेच्या कडेला ठिपका ठेवून मारलंत तर दहा गेला, नऊ हातात आला. २५ मीटरवर त्याच चुकीला दहा मिळून जातो. म्हणजे जवळच्या अंतरावर ठिपका काचेच्या मधोमध ठेवायची शिस्त लागते, कंपनी काहीही छापो. शिवाय साध्या गोल वक्रतेचा आरसा कडेकडेचे किरण पुरते समांतर करत नाही, त्यामुळे स्वस्त साइटमध्ये कडेला ठिपका आणखी भरकटतो. दुकानात तपासणं सोपं आहे. साइट टेबलावर पक्की टेकवा, ठिपका लांबच्या एखाद्या खांबावर आणा, आणि साइटला हात न लावता फक्त डोकं हलवा. ठिपका खांब सोडून चालू लागला तर साइट परत करा.

तिसरी गोष्ट साइटची नव्हेच, डोळ्याची. कित्येकांना ठिपका गोल दिसत नाही. कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला फुटलेला तारा, कुणाला द्राक्षाचा घोस. माणूस साइट खराब म्हणून परत करतो, दुसरी आणतो, तीही तशीच. बहुतेक वेळा कारण असतं चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर. ओळखायचं कसं? मोबाईलच्या कॅमेऱ्याने काचेतून ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत गोल असेल तर दोष तुमच्या डोळ्यात. किंवा साइट हातात धरून गोल फिरवा: ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर साइटचा दोष, जागच्या जागी राहिली तर डोळ्याचा. अशा वेळी महागडी साइट घेण्यापेक्षा चष्मा नीट करून घेणं स्वस्त पडतं. ज्यांना लाल रंग मंद दिसतो त्यांनी हिरव्या ठिपक्याची साइट डोळ्याला लावून बघावी.

ऊन आणि पाऊस हे आपल्या भागाचे प्रश्न. मे महिन्याच्या उन्हात पांढऱ्या कागदावर मंद ठिपका विरघळून जातो, म्हणून उजेडाच्या पायऱ्या भरपूर हव्यात आणि त्या हाताने बदलता याव्यात. आपोआप उजेड जुळवणारी साइट सोयीची वाटते, पण नेमबाज पत्र्याच्या शेडखाली सावलीत आणि टार्गेट लख्ख उन्हात, असं असलं की ती फसते: तिचा सेन्सर सावली मोजतो, ठिपका मंद करतो आणि उन्हातल्या कागदावर तो दिसेनासा होतो. उलट ठिपका गरजेपेक्षा प्रखर ठेवला तर तो पसरतो आणि तीन एमओएचा सहासारखा दिसतो. पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. ज्या साइटमध्ये एलईडी उघडा असतो तिच्यात एक थेंब त्या बारीक खिडकीवर बसला की ठिपका गेला किंवा वेडावाकडा झाला. मागे-पुढे दोन्हीकडून काच असलेली बंद साइट जरा जड, जरा महाग, पण आषाढात तीच बरी. बॅटरीची चिंता फारशी करू नये. एलईडी इतकी कमी वीज खातो की एमपॉइंटसारखी कंपनी आपल्या एका पिस्तूल साइटसाठी एका सेलवर ५०,००० तास सांगते, म्हणजे सतत चालू ठेवून पाच वर्षांहून अधिक.

खरी परीक्षा धक्क्याची. पिस्तुलाच्या स्लाइडवर बसवलेली साइट प्रत्येक गोळीला स्लाइडबरोबर मागे फेकली जाते, थडकन थांबते आणि पुन्हा पुढे आदळते, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. दिव्याचे टाके, बॅटरीचा संपर्क, काचेचं चिकटण, सगळ्याची कसोटी तिथे. दिसायला हुबेहूब असलेल्या स्वस्त साइट काहीशे गोळ्यांत मान टाकतात त्या इथेच. म्हणून स्पर्धेतल्या ‘ओपन’ गटाच्या पिस्तुलांवर साइट स्लाइडवर न ठेवता खालच्या फ्रेमला घोडी लावून बसवतात. स्लाइड खाली धावते, साइट जागच्या जागी. १९९० मध्ये ॲडलेडला झालेल्या आयपीएससी या वेगाच्या नेमबाजीच्या विश्वस्पर्धेत अमेरिकेचा डग कोनिग रेड डॉट लावून जिंकला, तसं जिंकणारा तो पहिला, आणि त्यानंतर त्या खेळाच्या ओपन गटात लोखंडी साइटचा जमाना संपला. साइट बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर रंगाच्या पेनाने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की समजावं, स्क्रू सरकलाय आणि झीरो, म्हणजे साइटची नेमाशी केलेली जुळणी, गेलाय.

आता ती गोष्ट, जी खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवी. तिरोड्याचा एक पोरगा, एअर पिस्तूलचा सराव करणारा, मला म्हणाला, “काकाजी, रेड डॉट लावला तं निशाणा पक्का होते ना?”

“होते रे बाबू,” मी म्हटलं, “पण मॅचमधून बाहेर होशील त्याचं काय?”

ऑलिंपिकच्या नेमबाजीचे नियम आयएसएसएफ करते, आणि पिस्तुलाच्या प्रकारांत तिथे फक्त उघडी लोखंडी साइट चालते. भिंग, आरसा, दुर्बीण, लेझर आणि इलेक्ट्रॉनिक ठिपका, सगळं बंद. आपल्या देशात हा खेळ चालवणारी राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यांच्याच नावाच्या मावळंकर स्पर्धेतून राष्ट्रीय पातळीकडे जाणारी मुलं १० मीटरला आणि २५ मीटरला खाच-खुंटीवरच मारतात. राहीने मारलं तेही त्यामुळेच. रेड डॉटची खरी जागा आयपीएससीसारख्या वेगाच्या स्पर्धांमध्ये आणि अमेरिकेतल्या बुल्सआय पिस्तूल सामन्यांमध्ये. तेव्हा आधी सामन्याची नियमपुस्तिका, मग परवाना अधिकाऱ्याकडे चौकशी, आणि दुकान त्यानंतर. आणि गोंदियात राहणाऱ्याने एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी. नागझिरा, नवेगाव ही अभयारण्यं इथे दारातच आहेत, २०१३ पासून मिळून व्याघ्र प्रकल्प; आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. “सरावाला चाललो होतो” हे कारण नाक्यावर चालत नाही.

पोरगा जरा हिरमुसला. पण त्याच्या प्रशिक्षकांकडे एक जुनी साइट पडून होती, तिचा त्यांनी चांगला उपयोग काढला. आठवड्यातून एखाद्या दिवशी ती पिस्तुलावर चढवायची आणि पेलेट न भरता नुसता ट्रिगरचा सराव करायचा. ट्रिगर सुटतो त्या क्षणी टिकली कुठे उडी मारते ते त्याला स्वतःला दिसतं, कुणी ओरडायची गरज राहत नाही. महिनाभर ती खाली-डावीकडे उडायची. आता जागच्या जागी थरथरते. साइट उतरवून पुन्हा खाच-खुंटीवर गेला, की पहिले काही शॉट्स तो अजूनही टार्गेटकडेच बघतो.